शहरं वाढली की कार्बन वाढतो की कमी होतो? आणि घरांत ओतलेल्या पैशाचं काय?

कोरा_कागद

मंडळी, एम.ए.च्या प्रबंधाला विषय घेतलाय, शहरीकरण आणि रिअल इस्टेटमधली गुंतवणूक यांचा एखाद्या प्रांताच्या कार्बन उत्सर्जनावर होणारा परिणाम. घेताना वाटलं होतं सोप्पं आहे, शहर वाढलं की धूर वाढला, त्यात काय एवढं शोधायचं. आता पेपर वाचायला बसलेय तर डोक्याचा भुगा झालाय.

एक पेपर म्हणतो शहरी लोकसंख्येचं प्रमाण वाढलं की उत्सर्जन वाढतं, दुसरा म्हणतो कमी होतं, तिसरा म्हणतो आधी वाढतं आणि मग कमी होतं, म्हणजे तो प्रसिद्ध उलटा यू. आणि गंमत म्हणजे तिघांचाही डेटा, माझ्यासारखाच, चीनच्या प्रांतांचा, वर्षंही जवळपास तीच! रिअल इस्टेटचं तर त्याहून विचित्र, काही जण म्हणतात स्वतःच्या प्रांतात परिणाम एका दिशेने आणि शेजारच्या प्रांतात बरोब्बर उलट.

मला विचारायचंय ते असं की शहरीकरण आणि मालमत्तेतली गुंतवणूक हे दोन वेगळे घटक धरायचे की एकाच गोष्टीची दोन नावं, कारण शहर वाढल्याशिवाय कोण कशाला बिल्डिंगा बांधेल? आणि एका प्रांतात टॉवर उभे राहिले तर शेजारच्या प्रांताचा कार्बन का हलावा? गाईड म्हणतात मॉडेल चालव, उत्तर येईल. उत्तर आलंय हो, पण त्याचा अर्थ काय ते कळत नाहीये.

---

खडी_वाळू

रिग्रेशन (एका आकड्याचा दुसऱ्यावर किती परिणाम ते काढायचं गणित) वगैरे आपला प्रांत नाही, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पण कार्बन निघतो कुठून ते सांगू शकतो कारण तो आमच्याच ड्रॉइंगमधून निघतो.

सिमेंटचं उत्सर्जन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर भट्टीतला कोळसा येतो. कोळसा आहेच, पण निम्म्याहून जास्त कार्बन हा दगडातून येतो. भट्टीत चुनखडी टाकतात, ती तापली की फुटते, चुना मागे राहतो आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो टाकलीत तर ४४ किलो वायू होऊन धुराड्यातून बाहेर. उद्या सगळी भट्टी सौर ऊर्जेवर चालवलीत तरी हे ४४ किलो जाणारच, तिथे बचत वगैरे काही चालत नाही. मग १४५० डिग्रीच्या आसपास क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट करायचे गोळे, होतं, त्याला लागणारी उष्णता वेगळी. जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंटचा धरतात. पोलादाचाही साधारण तेवढाच वाटा, ब्लास्ट फर्नेसमधून (खनिजापासून लोखंड काढायची कोळशावरची भट्टी) एक टन पोलाद काढायला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो, भंगारातून काढलंत तर बराच कमी, पण ज्या देशात शहरं नव्यानेच उभी राहतायत तिथे पाडायला जुन्या इमारतीच नसतात, मग भंगार आणणार कुठून?

आता एका टॉवरमध्ये हा माल कुठे जातो? सगळ्यात जास्त स्लॅबमध्ये, कारण प्रत्येक मजल्याला तो लागतोच. मग पाया. आणि मग पार्किंग, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. जमिनीखाली दोन-तीन मजले पार्किंग घेतलं की मातीचा दाब अडवायला जाड रिटेनिंग वॉल आल्या, भूजल वर ढकलतं म्हणून राफ्ट (तळाचा सलग पाया) जाड झाला, गाड्या वळायला पाहिजेत म्हणून खालच्या खांबांची ग्रीड वेगळी, ती वरच्या फ्लॅटच्या खांबांशी जुळत नाही म्हणून मध्ये ट्रान्स्फर गर्डर टाका, एकेक गर्डर माणसाच्या उंचीचा, आत सळई इतकी दाट की व्हायब्रेटरची सुई जायला जागा नसते. आणि एवढं करून तिथे राहणार कोण, तर गाडी.

साध्या आरसीसी रहिवासी इमारतीत चौरस मीटरमागे काहीशे किलो कार्बन बांधतानाच खर्ची पडतो, आणि उंची वाढली की वारा आणि भूकंपाच्या लोडमुळे तो चौरस मीटरमागेसुद्धा वाढत जातो. मुद्दा असा की हा सगळा कार्बन दोन-तीन वर्षांत एकरकमी जातो. लिफ्ट, एसी, हीटिंगचा नंतर पुढची कित्येक वर्षं हप्त्याहप्त्याने. तुमच्या मॉडेलमध्ये दोन्ही एकाच 'उत्सर्जन' कॉलममध्ये बसवलेत का? मग गोंधळ होणारच.

---

पावसाळी_ढग

वाचनखूण साठवली. पार्किंगचं खरंच डोक्यात आलं नव्हतं.

---

उलटा_यू

आयडीवरून समजलंच असेल की हा माझा जुना दुखरा विषय आहे, त्यामुळे लांबण लागणार.

पहिली गोष्ट, तीनही पेपर एकाच वेळी बरोबर असू शकतात. शहरीकरणाचा दर म्हणजे काय, तर शंभरातले किती लोक शहरात राहतात. चीनमध्ये तो १९७८ ला १८ टक्क्यांच्या आसपास होता, आता ६७ च्या आसपास आहे. या एका आकड्यात तीन-चार गोष्टी कोंबलेल्या असतात: माणसं हलली, त्यांच्यासाठी घरं-रस्ते-मेट्रो बांधली गेली, त्यांचं उत्पन्न वाढलं, आणि ती कारखान्यात नाहीतर ऑफिसात कामाला लागली. १९७१ च्या सुमारास एर्लिख आणि होल्ड्रेन यांनी लोकसंख्या गुणिले संपन्नता गुणिले तंत्रज्ञान असं आयपॅटचं सूत्र मांडलं, नंतर डिट्झ आणि रोझा यांनी त्याला लॉग घेऊन रिग्रेशनच्या साच्यात बसवलं, तेच स्टिरपॅट, आणि तुमचे बहुतेक पेपर त्यावरच उभे असणार. आता बघा, त्यात जीडीपी कंट्रोल म्हणून (म्हणजे त्याचा परिणाम बाजूला काढायला) टाकला, उद्योगांचा हिस्सा टाकला, ऊर्जा तीव्रताही (उत्पादनामागे लागणारी ऊर्जा) टाकली, तर शहरीकरणाने जे काही करायचं ते बहुतेक याच रस्त्यांनी करायचं होतं ना? ते सगळे रस्ते बंद केले आणि मग विचारलं की शहरीकरणाचा परिणाम काय, तर जे उरतं ते उरतं. उत्तर चीनमध्ये गावात घरोघरी सुटा कोळसा जाळून थंडी काढायची पद्धत होती, तोच माणूस शहरात गॅसवर किंवा सेंट्रल हीटिंगवर आला तर त्याच्यापुरतं उत्सर्जन कमीही होऊ शकतं, म्हणून उरलेलं चिन्ह ऋण आलं तरी दचकायचं कारण नाही. कोणी कोणते कंट्रोल घेतले ते तक्त्यात आधी बघा, निष्कर्ष नंतर वाचा.

दुसरी गोष्ट यापेक्षा वाईट आहे. शहर किंवा जिल्हा पातळीवर उत्सर्जनाचे धड आकडे बऱ्याच ठिकाणी नसतात. मग काय करतात, तर प्रांताचा किंवा देशाचा एकूण आकडा घेतात आणि रात्रीच्या उपग्रह चित्रांमधल्या दिव्यांच्या प्रमाणात खाली वाटून टाकतात. आता दिवे कुठे जास्त? शहरात. म्हणजे उत्सर्जनाच्या आकड्यातच शहर आधी घातलं आणि मग शहरीकरणावर रिग्रेशन चालवून 'अरे वा, सार्थ संबंध मिळाला' म्हणून टाळ्या पिटल्या. तुमचा डेटा दिव्यांवरून वाटलेला आहे की ऊर्जेच्या वापरावरून मोजलेला, हे सगळ्यात आधी तपासा. दिव्यांचा असेल तर या प्रश्नासाठी तो कामाचा नाही, गाईड काहीही म्हणोत.

तिसरं, गुंतवणूक. तुम्ही विचारलंत दोन वेगळे घटक आहेत का, तर हो, आणि चांगलेच वेगळे. शहरीकरण माणसं मोजतं, गुंतवणूक पैसा मोजते, आणि खडीवाळूंनी सांगितलेला कार्बन यातल्या कशानेच थेट मोजला जात नाही, तो बांधलेल्या क्षेत्रफळाने मोजला जातो. चीनच्या सांख्यिकी विभागाच्या 'रिअल इस्टेट विकास गुंतवणूक' या आकड्यात जमीन घ्यायचा खर्चही धरलेला असतो. जमिनीचा भाव दुप्पट झाला तर गुंतवणूक फुगली, पण सिमेंटचं एक पोतंही जास्त लागलं नाही. किनाऱ्यावरच्या महागड्या प्रांतांत त्यामुळे गुंतवणूक प्रचंड दिसते आणि त्या मानाने काँक्रीट कमी, आतल्या प्रांतांत नेमकं उलट.

आणि २०२१ नंतरचं बघा. ऑगस्ट २०२० ला चीनने बिल्डरांच्या कर्जावर 'तीन लाल रेषा', म्हणजे तीन मर्यादा, आखल्या, २०२१ च्या शेवटी एव्हरग्रांड ही बडी बिल्डर कंपनी बुडाली. गुंतवणुकीचा आकडा २०२२, २०२३, २०२४ असा दरवर्षी साधारण दहा-दहा टक्क्यांनी घसरला, म्हणजे शिखरापासून एक तृतीयांशाच्या आसपास. पण नव्याने सुरू केलेल्या बांधकामाचं क्षेत्रफळ? २०१९ ला २२७ कोटी चौरस मीटर, २०२४ ला ७४ कोटी. दोन तृतीयांश गायब! सिमेंटचं उत्पादन २०२० च्या २.४ अब्ज टनांवरून २०२४ ला १.८ अब्ज टनांवर आलं, म्हणजे ते पैशाइतकंही पडलं नाही आणि नव्या बांधकामाइतकं तर नाहीच, कारण पूल-रेल्वे-धरणांनाही सिमेंट लागतं आणि अर्धवट टॉवर पूर्ण करून द्यायचा सरकारी आग्रह होता. तीन आकडे, तीन वेगळे उतार. यातला कोणता तुम्ही 'गुंतवणूक' म्हणून मॉडेलमध्ये टाकलाय त्यावर तुमचं उत्तर ठरणार.

शेजारच्या प्रांताबद्दल नंतर लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

---

तिरकस_तात्या

छान. म्हणजे धडा काय घ्यायचा, तर बिल्डर बुडवा आणि पृथ्वी वाचवा. एवढ्यासाठी एम.ए. कशाला करायला पाहिजे.

थट्टा सोडा, पण स्पेनचं उदाहरण बघा. २००८ च्या आधी तिथे घरबांधणीचा जो धुमाकूळ होता त्यात २००७ ला साडेपाच कोटी टनांहून जास्त सिमेंट एका वर्षात जिरलं. फुगा फुटला आणि २०१३ पर्यंत तेच १.१ कोटी टनांच्या आसपास आलं. पाचातले चार टन गेले! कुठलाही कार्बन टॅक्स, कुठलीही ग्रीन बिल्डिंग, कुठलंही प्रमाणपत्र हे करू शकलं नसतं. तेव्हा शहरीकरण वगैरे बाजूला ठेवा, स्पेनमधली माणसं काही गावाकडे परत गेली नव्हती, ती शहरातच होती. हललं ते फक्त कर्ज. माझं म्हणणं शहरीकरणाला उगाच आरोपी करू नका, आरोपी बँक आहे.

---

सायकलस्वार

तात्या, अर्धं पटलं. कर्जाचा मुद्दा बरोबर आहे, पण सिमेंटचा खप म्हणजे सिमेंटचं उत्पादन नव्हे. स्पेनमध्ये मागणी कोसळल्यावर कारखान्यांनी निर्यात वाढवली, काही भट्ट्या देशातच जळत राहिल्या आणि माल बाहेर गेला. चीनचं पोलाद आत्ता तेच करतंय, घरबांधणी आडवी झाली आणि २०२४ ला पोलादाची निर्यात ११ कोटी टनांवर गेली. तेव्हा 'बिल्डर बुडवा' एवढ्याने भागत नाही, उभी केलेली उत्पादनक्षमता कुठेतरी गिऱ्हाईक शोधतेच.

दुसरं म्हणजे या धाग्यात सगळे बांधतानाच्या कार्बनवरच थांबलेत (मी नगररचनेतली, त्यामुळे हे मला खुपणारच). इमारतीपेक्षा तिची जागा जास्त काळ टिकते. शहराच्या बाहेर मोकळ्या जमिनीवर प्रकल्प आला, कारण जमीन स्वस्त, तिथे बस नाही, मग प्रत्येक घराला गाडी, मग त्या गाड्यांसाठी रस्ता रुंद, रस्ता रुंद झाला म्हणून अजून पुढची जमीन विकायला निघाली. तिथल्या माणसाने उद्या एलईडी लावले काय आणि पाच स्टार फ्रिज घेतला काय, रोजचं अंतर कमी होत नाही. न्यूमन आणि केनवर्दी यांनी १९८९ मध्ये जगातली मोठी शहरं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं होतं की वस्ती जितकी विरळ तितकं माणशी पेट्रोल जास्त. त्यावर टीका भरपूर झाली, उत्पन्न आणि पेट्रोलचे भाव पुरेसे धरले नाहीत म्हणून, आणि ती रास्त आहे, पण मूळ चित्र पुसलं गेलेलं नाही. अटलांटा आणि बार्सिलोना यांची तुलना तर सगळेच देतात, लोकसंख्या साधारण सारखी, पण अटलांटाचा पसारा कित्येक पट आणि वाहतुकीचा माणशी कार्बनही तसाच.

आणि दाट म्हणजे टॉवर असं कोणी समजू नका. बार्सिलोनाचा दाट भाग पाच-सात मजल्यांचा आहे. टॉवरमध्ये मध्ये मोकळं अंतर सोडावं लागतं, खाली पार्किंग येतं, वरती लिफ्ट, पंप, त्यामुळे पन्नास मजल्यांचे चार टॉवर आणि सलग मध्यम उंचीची वस्ती यात माणसं बऱ्याचदा सारखीच मावतात. मग टॉवर का बांधतात? वरच्या मजल्याचा व्ह्यू विकला जातो म्हणून. इथे मात्र गुंतवणूक थेट शहराच्या आकारात शिरते, राहणाऱ्याला काय हवं यापेक्षा पुढे विकायला काय सोपं ते बांधलं जातं. त्यामुळे कोरा_कागद, दोन घटक वेगळे ठेव पण त्यांचा गुणाकारही मॉडेलमध्ये टाकून बघ, कारण त्याच शहरीकरणाला सट्ट्याच्या पैशाने आकार दिला की कार्बन वेगळा येतो आणि राहणाऱ्यांच्या गरजेने दिला की वेगळा.

---

कोरा_कागद

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. उलटा_यू, मी तपासलं, माझा डेटा ऊर्जेच्या वापरावरूनच आहे, दिव्यांचा नाही. हुश्श. पण गुंतवणूक मात्र पैशातच घेतलीय, जमिनीसकट.

सायकलस्वार ताई, सट्ट्याच्या पैशाचं म्हणालात त्यावरून एक विचारू का, चीनमध्ये ती बांधून रिकामी पडलेली शहरं होती ना, ऑर्डोस वगैरे, ती या हिशोबात कुठे बसतात? तिथे माणसं नाहीत म्हणजे वीज नाही, वाहतूक नाही, मग उत्सर्जन कमीच दिसणार ना? म्हणजे रिकामी घरं उलट चांगली दिसतील की काय मॉडेलला!

---

खडी_वाळू

अगदी तसंच दिसतं, आणि म्हणूनच मी वर एकरकमीचं बोललो. रिकाम्या फ्लॅटचा बांधकामाचा कार्बन आधीच गेलेला असतो, तो ज्या वर्षी सिमेंट बनलं त्या वर्षाच्या खात्यात, आणि बऱ्याचदा दुसऱ्याच प्रांताच्या खात्यात. नंतर फ्लॅट बंद, मीटर फिरत नाही, तुमचं मॉडेल म्हणणार वा काय कार्यक्षम प्रांत. ऑर्डोसच्या कांगबाशी भागात नंतर लोक बऱ्यापैकी राहायला आले असं वाचलंय, तिथे निदान तो खर्च उशिरा का होईना कारणी लागला. पण नुसता पैसा ठेवायला घेतलेलं दुसरं-तिसरं घर बंदच राहिलं तर त्याचा माणशी कार्बन काढायचा कसा? छेदात माणूसच नाही.

त्याहून वाईट म्हणजे पाडापाडी. चीनच्या गृहनिर्माण खात्याचे तेव्हाचे उपमंत्री च्यू बाओशिंग २०१० मध्ये जाहीरपणे म्हणाले होते की आमच्या इमारतींचं सरासरी आयुष्य २५ ते ३० वर्षांचं आहे. आम्ही डिझाइन करताना किमान पन्नास वर्षं धरतो. काँक्रीट तिशीत मरत नाही हो, जमिनीचा भाव वाढला की त्याला मारतात. मग तोच कार्बन त्याच जागेवर दुसऱ्यांदा. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत चीनने जेवढं सिमेंट वापरलं ते अमेरिकेने अख्ख्या विसाव्या शतकात वापरलं त्याहून जास्त होतं, साधारण साडेसहा अब्ज टनांसमोर साडेचार अब्ज. त्यातलं किती २०४० पर्यंत तोडून परत ओतणार, हा आकडा कुणाच्या मॉडेलमध्ये आहे?

जाता जाता, काँक्रीट हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड परत शोषतं हेही खरं आहे, पण ते पृष्ठभागाकडून आत हळूहळू, कित्येक दशकं, आणि आमच्या दृष्टीने ती चांगली बातमी नसते कारण ते सळईपर्यंत पोचलं की सळई गंजायला मोकळी.

---

तिरकस_तात्या

सायकलस्वार, निर्यातीचा मुद्दा मान्य. बाकी 'व्ह्यू विकला जातो' याला +१.

फक्त एक गोष्ट सगळ्यांनी गाळली. घरांत पैसा का जातो? कारण बाकी कुठे तेवढा परतावा मिळत नाही. आणि जो घरांत गेला तो कारखान्याची जुनी भट्टी बदलायला गेला नाही, नवं मशीन घ्यायला गेला नाही. म्हणजे एकीकडे सिमेंट वाढवलं आणि दुसरीकडे तेच सिमेंट स्वच्छ पद्धतीने करायचा पैसा खाल्ला. स्थानिक सरकारंही त्यात सामील, चीनमध्ये तर जमीन भाडेपट्ट्याने विकून पालिकांचा खर्च चालायचा, मग ती 'कमी बांधा' असं कशाला म्हणतील?

---

उलटा_यू

आलो. तात्यांनी म्हटलेलं बरोबर आहे, पेपरांमध्ये त्याला 'क्राउडिंग आउट' म्हणतात, आणि तो मार्ग वेगळा दाखवायचा असेल तर मध्ये तंत्रज्ञानावरचा खर्च किंवा उद्योगांतली गुंतवणूक हा दुवा घ्यावा लागेल. पण एका प्रबंधात सगळं कोंबू नका.

आता शेजारचा प्रांत. बीजिंगचं उदाहरण घ्या. शोगांग हा मोठा पोलाद कारखाना बीजिंग शहरातच होता, ऑलिंपिकच्या निमित्ताने तो हलवायचं ठरलं आणि २०१० च्या शेवटी तिथलं पोलाद उत्पादन बंद झालं. कारखाना गेला कुठे, तर हबेई प्रांतातल्या तांगशानच्या किनाऱ्यावर, चाओफेइदियनला. बीजिंगचं खातं स्वच्छ, हबेईचं जड. बीजिंगमध्ये टॉवर बांधणं थांबलं का? छे. सळई आता शेजारून येते. मॉडेलला दिसतं काय, तर बीजिंगमध्ये शहरीकरण जास्त, गुंतवणूक भरपूर आणि उत्सर्जन उतरतंय; शेजारच्या प्रांतात शहरीकरण कमी आणि उत्सर्जन चढतंय. यावरून कोणी 'शहरं झाली की हवा सुधारते' म्हणालं तर ते आकड्याला धरून आहे आणि तरीही चुकीचं आहे.

हे एकट्या बीजिंगचं नाही. २०१३ मध्ये पीएनएएस नियतकालिकात फेंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, २००७ च्या आकड्यांवर, त्यात चीनच्या उत्सर्जनापैकी ५७ टक्के अशा मालामुळे निघालं की जो बनला एका प्रांतात आणि वापरला गेला त्या प्रांताच्या बाहेर. निम्म्याहून जास्त! मग प्रांताची सीमा आखून 'या प्रांताचा परिणाम' म्हणण्यात किती राम आहे ते तुम्हीच बघा. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदल समिती) सहाव्या अहवालात जगाच्या उत्सर्जनातला शहरांचा वाटा २०२० साठी ६७ ते ७२ टक्के दिलाय, पण तो वापरावर आधारित हिशोब आहे, शहरात जे वापरलं जातं त्याचा कार्बन शहराच्या माथी. तुमच्या डेटात कार्बन जिथे निघाला त्याच्या माथी आहे. हे दोन आकडे एकाच परिच्छेदात शेजारी ठेवू नका, परीक्षक तिथेच धरतील.

आता तुमचा उलट्या चिन्हाचा प्रश्न. स्पेशियल डर्बिन मॉडेलमध्ये (जे शेजारच्या प्रांतांचे आकडेही हिशोबात धरतं) शेजाऱ्यावरचा परिणाम धन येतो तेव्हा बहुतेक माल पुरवण्याची गोष्ट असते, इथे टॉवर आणि तिथे भट्टी. ऋण येतो तेव्हा माणसं, पैसा आणि कारखानेसुद्धा शेजारून उचलून केंद्राकडे आलेले असू शकतात, शेजारी रिता होतो म्हणून त्याचं उत्सर्जन पडतं. दोन्ही एकाच वेळी चालू असतात आणि तुम्हाला दिसते ती फक्त वजाबाकी. शिवाय शेजारी कोण हे तुम्हीच ठरवता, सीमा चिकटलेली असेल तो शेजारी की ज्याच्याशी व्यापार जास्त तो शेजारी, त्या वेट मॅट्रिक्सवर (कोण कोणाचा किती शेजारी याचा तक्ता) चिन्ह पलटलेलं मी स्वतः बघितलंय. आणि एक सांगून ठेवतो, मॉडेलने छापलेला कच्चा गुणांक वाचू नका, थेट (स्वतःच्या प्रांतावरचे) आणि अप्रत्यक्ष (शेजाऱ्यांवरचे) परिणाम वेगळे काढून ते वाचा, लेसेज आणि पेस यांनी २००९ मधल्या या विषयावरच्या पुस्तकात हे इतकं ठणकावून सांगितलंय तरी लोक अजून कच्चाच वाचतात.

---

सायकलस्वार

वजाबाकीचं पटलं. फक्त शहरं वाईट नाहीत एवढं कुठेतरी लिही गं कोरा_कागद, नाहीतर लोक प्रबंधाचं शीर्षक वाचून गावाकडे चला म्हणायला लागतात. तेवढीच माणसं विखरून राहिली तर रस्ते, पाइप, तारा सगळं माणशी जास्त लागतं.

---

कोरा_कागद

लिहीन नक्की. आता मी असं ठरवतेय की पैशातली गुंतवणूक काढून नव्याने सुरू झालेलं क्षेत्रफळ घ्यायचं आणि पूर्ण झालेलं क्षेत्रफळ वेगळं घ्यायचं, म्हणजे बांधतानाचा आणि राहतानाचा कार्बन थोडा तरी सुटा होईल. आणि वेट मॅट्रिक्स दोन्ही प्रकारे करून बघते. गाईडना काय सांगू हा वेगळा प्रश्न, त्यांना गुंतवणूक हा शब्द शीर्षकात पाहिजेच आहे.

---

उलटा_यू

शीर्षकात असू दे की, पैशातला आकडाही ठेवा, पण त्यातून जमीन खरेदीचा खर्च वजा करून. चीनच्या सांख्यिकी पुस्तकांत तो वेगळा मिळतो, जरा शोधावा लागेल. सुरू झालेल्या क्षेत्रफळाला एक वर्षाचा लॅग (म्हणजे आधीच्या वर्षाचा आकडा) देऊनही बघा, कारण खड्डा खणला त्या महिन्यात स्लॅब पडत नाही. आणि मासिक आकडे वापरणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारी एकत्रच छापतात, नववर्षाच्या सुट्टीमुळे, ते दोन महिन्यांत अर्धे-अर्धे वाटू नका, सरळ वार्षिक घ्या.

---

खडी_वाळू

आणि जमलं तर तळघराचं क्षेत्रफळ त्या आकड्यात धरलंय का ते बघा. धरलं नसेल तर सगळ्यात जड काँक्रीट तुमच्या तक्त्याच्या बाहेर राहिलं.